ब्राझीलचे सात रविवार

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि तोच वास नाकात शिरला. जळक्या पाचोळ्याचा, घशाच्या मागे जाऊन चिकटून बसणारा. समोरचा ब्लॉक अर्धाच दिसत होता, खालचा स्विमिंग पूल तर दिसतच नव्हता. सिंगापूरला ऋतू नाहीत असं म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरात येऊन बघावं. समुद्रापलीकडच्या बेटावर जंगलं पेटतात, वारा आपलं तोंड इकडे वळवतो आणि मग महिना-दीड महिना आम्ही सगळे तो धूर खात बसतो. सकाळपासून आमच्या इमारतींतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर सुरू झालंय: हवेतल्या धुराचा आकडा किती, मास्क कुठे मिळतायत, शाळा बंद होणार का. केतकीने तर हवा शुद्ध करणाऱ्या तीन मशीनांचा फोटो टाकला, एकेका बेडरूममध्ये एकेक. मी फोटो मोठा करून बघितला. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत चौथं मशीन होतं का ते बघायचं होतं. नव्हतं.

मला राग आला. केतकीचा यायला हवा होता. पण ती बिचारी आज जे करतेय ते मी चार वर्षांपूर्वी याच धुरात केलेलं आहे, आणि वर ब्राझीलचे सिनेमे बघत केलेलं आहे.

साल २०१५. आम्ही पुण्याहून इथे येऊन तीन वर्षं झाली होती. नवरा, निखिल, रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या आयटीत. मुलगी, रेवा, सहा वर्षांची. आणि मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने राहणारी. पुण्यात अकरा वर्षं कॉलेजात शिकवलेली बाई, इथे आल्यावर कुठलाही फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबायचं. तो एक राग आधीच पोटात होता. तेवढ्यात मार्सिया भेटली.

मार्सिया ब्राझीलची. बुगिसजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती पोर्तुगीज शिकवायची. रेवाच्या पोहण्याच्या क्लासला तिचाही मुलगा यायचा, तिथली ओळख. तिला घरची आठवण येत होती आणि त्यावर तिने स्वतःपुरता इलाज काढला होता: त्या वर्षी ब्राझीलमध्ये जे जे सिनेमे प्रदर्शित होतायत त्यांची यादी करायची आणि मिळतील तेवढे मिळवून लोकांना दाखवायचे. यादी चांगली सात-आठ पानी होती. त्यातले सात तिने दिग्दर्शकांच्या हातापाया पडून मिळवले. सात रविवार, दुपारी दोन वाजता, वर्गातल्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चादर. सिनेमा झाला की चर्चा. शेवटच्या रविवारची चर्चा तू कर, असं ती मला म्हणाली. तू शिक्षिका आहेस ना.

तीन वर्षांत मला कोणी शिक्षिका म्हटलं नव्हतं. ते सात-आठ पानी भेंडोळं मी घरी आणलं आणि फ्रिजवर चुंबकाने लावलं. बघून झालेल्या सिनेमावर लाल पेनाने बरोबरची खूण करायची.

त्याच फ्रिजवर, त्या यादीच्या शेजारी, सुलास्त्रीचं कॅलेंडर होतं.

सुलास्त्री आमच्याकडे दोन वर्षं होती. जावाच्या एका खेड्यातली. तिशीची, बारीक अंगाची, कमी बोलणारी. रेवा तिला काकाक म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. तिची स्वतःची मुलगी आयू, रेवाहून वर्षभराने मोठी, गावाकडे आजीजवळ. आणि धाकटी बहीण वाती इथेच, बेटाच्या दुसऱ्या टोकाला एका चिनी आजोबांची देखभाल करायची. दोघी बहिणी रविवारी भेटायच्या, डबा घेऊन बमबोटीने, म्हणजे छोट्या लाकडी होडीने, पुलाउ उबीन बेटावर जायच्या. तिथली घरं आमच्या गावातल्यासारखी आहेत, असं तिने मला एकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, हो का, छान. आणि पुढे भाजी काय करायची ते सांगितलं.

ती झोपायची ती खोली म्हणजे बॉम्ब शेल्टर. इथल्या नव्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटला अशी एक कोठी असते: जाड भिंती, पोलादी दार, खिडकी नाही. युद्ध झालंच तर सगळ्या कुटुंबाने तिच्यात शिरायचं. युद्ध काही होत नाही, म्हणून तिच्यात सुटकेसा, दिवाळीच्या माळा, कांद्याची टोपली आणि मोलकरीण ठेवतात. अर्थात मोलकरीण म्हणायचं नाही. हेल्पर म्हणायचं. आणि पुढे जोडायचं, घरातलीच आहे हो अगदी.

या 'घरातलीच'ने मला आता शिसारी येते. काय म्हणून घरातली? घरातली म्हणून तिचा पासपोर्ट आमच्या तीन पासपोर्टांबरोबर एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, माझ्या कपाटात, मंगळसूत्राच्या डबीखाली. कुणाचा पासपोर्ट आपल्याकडे ठेवणं इथे गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं की. पण आपल्याकडे कसं असतं, घरातले सगळ्यांचे कागद एका जागी नीट. आईने असंच केलं, सासूबाईंनी असंच केलं. मीही केलं, आणि त्यात मला आपण फार व्यवस्थित असल्याचा अभिमान वाटायचा. घरातली म्हणून कॉन्डोच्या पूलमध्ये मात्र तिने उतरायचं नाही, काठावर टॉवेल धरून उभं राहायचं. त्या नियमावर रहिवाशांची मीटिंग झाली तेव्हा हात वर करायला सांगितले. मी आजूबाजूला बघितलं, सगळ्यांचे वर होते, मीही केला.

पहिल्या रविवारचा सिनेमा धरणाचा होता. गाव पाण्याखाली जाणार म्हणून बायका आपापल्या घराची दारं उतरवतात आणि डोक्यावर घेऊन चालू लागतात. दोन दिवस चालतात. नव्या वसाहतीत पोचल्यावर कळतं की तिथल्या चौकटी लहान आहेत, दारं बसतच नाहीत. मग ती दारं भिंतीला टेकवून ठेवलेली, ओळीने, आणि सिनेमा संपतो. मी ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या तरुणाने मला त्याचा रुमाल दिला. घरी येऊन निखिलला सांगायला लागले, तर तो म्हणाला, एवढं रडायचं तर जायचं कशाला. सुलास्त्री भांडी पुसता पुसता ऐकत होती. तिने विचारलं, त्या बायकांनी दारं मग विकली का. मला तो प्रश्न बाळबोध वाटला.

दुसरा एका गोलकीपरच्या आईचा, ती त्याचे हातमोजे धुते पण सामना कधी बघत नाही. त्या दोन्ही रविवारी निखिल घरी होता, रेवाला त्याने सांभाळलं. सुलास्त्री वातीला भेटून आली. तिसऱ्या रविवारी आमच्याकडे गणपती. पाच दिवसांचा, चाळीस माणसं जेवायला, बाहेर धूर, खिडक्या बंद, घरभर उदबत्ती आणि जळकट वास एकत्र. मी सिनेमा चुकवला आणि सुलास्त्रीने रविवार. पुण्याच्या बायकांना लाजवतील अशा नाजूक कळ्यांचे एकशे एक मोदक तिने वळले. केतकी म्हणाली, नशीबवान आहेस बाई, आमचीला करंजीसुद्धा जमत नाही. मी सुलास्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. ग्रुपवर टाकला. खाली काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

चौथ्या रविवारी निखिलच्या बँकेत कसलंसं सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. त्यांची रिलीजं कायम शनिवार-रविवारीच, बँक बंद असते ना. तो सकाळी सातला गेला. मग रेवा कोणाजवळ? मी सुलास्त्रीला विचारलं. विचारलं म्हणजे काय, ती इस्त्री करत होती, मी दारात उभी राहून सांगितलं आणि वाक्याच्या शेवटी 'ओके?' जोडलं. सुट्टीचे पैसे वेगळे दिले, कायद्यात बसवून. तिने ओके मॅम म्हटलं. मी फ्रिजपाशी गेले, तिच्या कॅलेंडरवरचा रविवार लाल पेनाने खोडला आणि तेच पेन हातात होतं म्हणून शेजारच्या यादीवर येणाऱ्या सिनेमाला गोल केला.

मग पाचवा. मग सहावा. पाचव्या सिनेमात दोन तास एक माणूस पावसाची वाट बघत बसतो, मी निम्म्यात घोरायला लागले. म्हणजे बघा, मी खुर्चीत घोरावं म्हणून तिने घरात दिवसभर फरशी पुसायची. त्या दिवसांत फरशी तीनदा पुसावी लागे, राखेचा थर यायचा, पाय काळे व्हायचे. आमच्या बेडरूममध्ये मशीन घरघरत होतं. रेवाच्या खोलीत दुसरं. शेल्टरचं दार ती रात्री उघडं ठेवायची आणि खोकायची. मी तिला आल्याचा काढा करून घ्यायला सांगितलं होतं. करून घ्यायला, करून दिला नाही.

सातवा सिनेमा मार्सियाने मला आधी घरी बघायला दिला, चर्चेच्या तयारीला. साओ पावलोतली एक उंच इमारत, तिला दोन लिफ्ट: पुढची मालकांची, मागची नोकरांची. मागची लिफ्ट बिघडते. चौदाव्या मजल्यावर बावीस वर्षं स्वयंपाक करणारी एक बाई जिन्याने चढायला लागते. आणि खाली हॉलमध्ये रहिवाशांची मीटिंग बसते, लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत नोकरांना पुढच्या लिफ्टमध्ये घ्यायचं की नाही. अख्खा सिनेमा म्हणजे ती मीटिंग आणि तो जिना. सगळे सभ्य लोक, कोणी आवाज चढवत नाही, कॉफी फिरते. एकजण म्हणतो, आमची तर घरातलीच आहे, पण नियम म्हणजे नियम.

सिनेमा तीनदा मागे नेऊन हे वाक्य मी वहीत उतरवलं. काय माणसं आहेत ही, असं मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले.

सुलास्त्री तिथेच होती. ती म्हणाली, "मॅम, धिस संडे व्हेरी इम्पॉर्टंट. माय सिस्टर—"

मी वहीतून मान वर केली नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी भेट ना बहिणीला, दिवसभर भेट, या रविवारी माझा कार्यक्रम आहे आणि सर परत ऑफिसला आहेत. मग तिने ओके मॅम म्हटलं, आणि मी पुन्हा त्या निर्दयी ब्राझिलियन लोकांकडे वळले.

त्या रविवारी मी जे बोलले ना, तसं पुण्यातल्या अकरा वर्षांत बोलले नसेन. वीस मिनिटं. त्या सभ्य मालकांची मी सालपटं काढली. कॉफीचा कप धरलेल्या प्रत्येक हाताबद्दल बोलले. गुलामगिरी संपली तरी मागची लिफ्ट कशी शिल्लक राहते ते सांगितलं. टाळ्या पडल्या. दोन विद्यार्थिनी येऊन म्हणाल्या की तुम्ही कुठे शिकवता. मी हवेत होते.

सगळे गेल्यावर मार्सिया आणि मी खुर्च्या एकात एक घालत होतो. तिने सहज विचारलं की तुझी मुलगी कुणाकडे आहे. मी म्हटलं, सुलास्त्रीकडे, काळजी नाही, घरातलीच आहे ती.

"पण आज रविवार आहे ना?" मार्सिया म्हणाली.

बस, एवढंच. ती पुढची खुर्ची उचलायला वळलीसुद्धा. तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, ती खरंच विचारत होती. मी काहीतरी पुटपुटले आणि एमआरटीच्या स्टेशनकडे निघाले. गाडीत सगळे मास्क लावून बसलेले. माझ्या कानात माझंच भाषण वाजत होतं आणि त्यातली प्रत्येक ओळ आता माझ्याकडे तोंड करून उभी होती. तरीही, खरं सांगते, गाडीत मी मार्सियावरच चिडले. हिला काय माहीत, हिचा नवरा रविवारी घरी असतो, असलं काहीबाही मनात चाललं होतं. माणूस स्वतःवर रागवायच्या आधी सगळ्या जगावर रागावून घेतो.

दार रेवाने उघडलं. तिच्या शाळेत ती जसं सिंगापुरी इंग्रजी बोलते तसंच माझ्याशी बोलते, मराठीत विचारलं तरी. ती म्हणाली, "ममा, काकाक क्राय ऑलरेडी. हर सिस्टर गो होम टुडे, टेक फेरी. यू डोन्ट नो मेह?"

सहा वर्षांच्या पोरीला माहीत होतं. घरात फक्त मला माहीत नव्हतं, आणि तेही मी माहीत करून घेतलं नाही म्हणून.

वातीचे चिनी आजोबा वारले होते, तिचं काम संपलं होतं. दुपारी सव्वातीनच्या बोटीने ती हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून पलीकडच्या बाताम बेटावर आणि तिथून विमानाने जावाला गेली. कायमची. पाच आठवडे दोघी भेटल्या नव्हत्या, माझ्या कृपेने. वाती टर्मिनलवर सकाळी अकरापासून बसली होती, सामानाच्या पिशवीत एक जागा मोकळी ठेवून. ती जागा बुटांसाठी होती. सुलास्त्रीने आयूसाठी शाळेचे काळे बूट घेतले होते, बक्कलवाले. रेवाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलने काढला होता, त्याहून एक बोट मोठे. वाती घरी पोचली की स्वतःच्या हाताने ते आयूच्या पायात घालणार होती आणि व्हिडिओ कॉल लावून सुलास्त्रीला दाखवणार होती. बोटीची घोषणा होईपर्यंत वातीने पिशवी बंद केली नाही.

हे सगळं सुलास्त्रीने मला रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं, सिंकपाशी उभी राहून, तांदूळ धूत. मी म्हटलं, अगं मग सांगायचं नाही का. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. अजून गेलेलं आहे, परत येत नाही. तिने तांदळाचं पाणी ओतून टाकलं.

मग मला काहीतरी करायचं होतं, ताबडतोब, माझ्या मनाला बरं वाटेल असं. मी तरातरा बेडरूममध्ये गेले, कपाट उघडलं, फोल्डरमधून तिचा पासपोर्ट काढला आणि तिच्या ओल्या हातात ठेवला. वाटलं, आता तरी हिला बरं वाटेल.

ती पांढरी पडली.

"मॅम सेंडिंग मी होम?" तिने विचारलं.

दोन वर्षं आम्ही घरातली म्हटलेल्या बाईला, स्वतःचा पासपोर्ट हातात आला याचा एकच अर्थ लावता आला: आपल्याला हाकलतायत. मी नाही नाही म्हणत राहिले. तिला समजावताना माझं इंग्रजी, ज्या इंग्रजीत मी तासाभरापूर्वी टाळ्या घेतल्या होत्या, ते मला पुरेना. तिने पासपोर्ट पदराला पुसावा तसा टी-शर्टला पुसला आणि मला परत द्यायला लागली. मॅम ठेवा, सेफ राहील. ते ऐकून मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. शेवटी मी तो तिच्या उशीखाली ठेवला. शेल्टरमध्ये त्या दिवशी मी पहिल्यांदा दोन मिनिटं उभी राहिले. श्वास कोंडला. बूट खोक्यात, उशाशी होते.

बूट पोस्टाने पाठवू, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मीच पार्सल केलं, मीच पत्ता लिहिला, रुबाबात. तिने सांगितला तसा लिहिला नाही, सोपा करून, मला बरोबर वाटला तसा. वाडीचं नाव गाळलं, मला ते दोनदा आलंय असं वाटलं. पार्सल चार महिने कुठे कुठे फिरलं आणि शिक्के खाऊन माघारी आमच्याच दारात आलं. तोवर आयूचा पाय वाढला होता.

त्यानंतर आमच्या घरात रविवार हा रविवारी असायचा. मशीन शेल्टरच्या दारात गेलं. पूलच्या नियमावर पुढच्या मीटिंगला मी उभी राहून बोलले, मला हसले लोक, केतकीने तर ग्रुपवर माझ्याशी महिनाभर अबोला धरला. काही बदललं नाही. यातलं मी काही मोठेपणासाठी सांगत नाही, केलेल्या चुकीचं बिल उशिरा भरल्यासारखं आहे ते. सुलास्त्री करार संपेपर्यंत राहिली, अगदी पूर्वीसारखी, कमी बोलत. मग वातीच्या मागोमाग गावी गेली. पुन्हा आमच्याकडे येशील का, हे मी विचारलं नाही. तिने ओके मॅम म्हटलं असतं अशी भीती वाटली.

मार्सियाही दोन वर्षांपूर्वी परत गेली. आज सकाळी तिचा निरोप होता: आमच्याकडेही जंगलं जळतायत यंदा, आणि सोबत या वर्षीच्या सिनेमांची यादी. मी ती छापली नाही. फ्रिजवर लावायची हिंमत झाली नाही.

धुराचा वास दुपारी आणखी वाढला. केतकीला फोन करून चौथ्या मशीनचं विचारायचंय. ती फोन आपटेल, आपटू दे. पण सकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाहीत ते माघारी आलेले बूट. पार्सल फोडल्यावर सुलास्त्रीने ते हातात घेऊन उलटसुलट केले, तळवा अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाली की वाया कशाला घालवायचे, रेवाला आता बसतील. मी नको म्हणाले. ती म्हणाली, नवे आहेत, मॅम.

रेवाला ते अगदी बरोबर बसले. वर्षभर घातले तिने. रोज सकाळी सव्वासातला शाळेची बस यायची, आणि रोज सकाळी सुलास्त्री दारात गुडघ्यावर बसून त्यांचं बक्कल लावायची, एक पाय, मग दुसरा.